सर्व्हरचं घड्याळ आणि रात्रपाळीचा मुलगा



मागच्या महिन्यात एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही समाजशास्त्रात एमए केलं, वस्तीत काम करता, मग हे सर्व्हर-बिर्व्हर काय लावलंय? ते पोरांना करू द्या की." हसून सोडून देता आलं असतं. पण या प्रश्नामागे एक समज आहे आणि तो आपल्याला महागात पडतोय. म्हणून आमच्याच चुकीची गोष्ट सांगते.

कल्याण पूर्वेत आमची अभ्यासिका आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की दरवर्षी तेच प्रश्न येतात. जातीचा दाखला कोणता, उत्पन्नाचा दाखला किती जुना चालेल, बँक खातं आधारला जोडलंय का, शेवटची तारीख कधी? व्हॉट्सअ‍ॅपवर तर गेल्या वर्षीची तारीख यंदाची म्हणून फिरत असते. म्हणून आमच्यातल्या एका मुलाने छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन बनवलं. तो डोंबिवलीहून निघतो, ठाण्याला गाडी बदलतो आणि ऐरोलीला नोकरीला जातो. अ‍ॅपमध्ये कोर्स, प्रवर्ग आणि उत्पन्न भरलं की कागदपत्रांची यादी दिसायची आणि मुदतीला किती दिवस उरले तेही दिसायचं.

त्याच्या लॅपटॉपवर ते सुरेख चाललं. भाड्याच्या सर्व्हरवर टाकलं तर सुरूच होईना. पायथॉनची आवृत्ती इथे एक, तिथे दुसरी. एक लायब्ररी इथे होती, तिथे नव्हती. यावरचा उपाय म्हणजे डॉकर. २०१३ साली आलेल्या या साधनाची कल्पना बंदरातल्या कंटेनरवरूनच घेतलेली आहे. न्हावा शेवाला जहाजातून उतरलेला डबा जसाच्या तसा ट्रेलरवर चढतो, आतला माल काढून पुन्हा भरावा लागत नाही. तसाच प्रोग्राम, त्याला लागणारी पायथॉनची नेमकी आवृत्ती आणि सगळ्या लायब्ररी एका डब्यात बंद करायच्या. डब्यात काय आणि कोणत्या क्रमाने भरायचं ते ज्या फाइलमध्ये लिहितात ती डॉकरफाइल. कंटेनर काढून नवा चढवला की जुन्याच्या आतलं सगळं जातं, म्हणून डेटाबेस बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवायचा. पासवर्ड डब्यात घालायचे नाहीत. दारावर एनजिनएक्स बसवायचं आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घ्यायचं. हे सगळं मी त्या मुलाच्या शेजारी बसून शिकले. कोणाचाही दाखला आपल्याकडे साठवायचा नाही, हे मात्र आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

एका रविवारी दुपारी तपासणी केली. सगळं बरोबर निघालं. टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, लिंक वस्तीत फिरवली.

काही आठवड्यांनी एका मुलाचा फोन आला. भिवंडीच्या गोदामात दुसऱ्या पाळीला काम करतो, घरी पोचायला रात्रीचा एक वाजतो. "ताई, मी रात्री बघितलं तेव्हा एक दिवस बाकी दाखवत होतं. म्हटलं उद्या सुट्टी आहे, उद्या भरू. आज गेलो तर मुदत संपलेली." त्याने स्क्रीनशॉट पाठवला. रात्री एक वाजून दहा मिनिटं. ज्या दिवशी तो बघत होता, तोच शेवटचा दिवस होता.

चूक आमची होती. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं. सर्व्हरचं आणि कंटेनरचं यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे. "आज तारीख काय?" असं आमचा प्रोग्राम सर्व्हरला विचारायचा. परिणामी रोज रात्री बारा ते पहाटे साडेपाच आमचं अ‍ॅप कालच्या दिवसात जगत होतं. रविवारी दुपारी तपासलं तर हे दिसणारच नव्हतं, कारण दुपारी दोन्हीकडे तारीख एकच असते. डब्याने पायथॉन सारखं केलं, आमची समजूत मात्र तशीच राहिली.

इथे माझं समाजशास्त्र कामाला आलं, तेही उशिरा. आम्ही आमच्या सोयीच्या वेळी तपासलं. ज्यांच्यासाठी अ‍ॅप बनवलं ते कधी जागे असतात, हे विचारलंच नाही. गोदामात, हाउसकीपिंगमध्ये, सिक्युरिटीत पाळ्या करून शिकणाऱ्या पोरांना मोबाइल हातात घ्यायला तीच वेळ मिळते. चूक नेमकी त्यांच्याच वाट्याला आली. दिवसा बघणाऱ्या एकालाही तिचा फटका बसला नाही. व्यवस्थेबद्दल आपण हेच तर बोलतो ना? नियम करणाऱ्याच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असं नाही, त्याने स्वतःचा दिवस सगळ्यांचा दिवस धरला तरी पुरतं. आम्ही आपली माणसं असूनही तेच केलं.

म्हणून त्या ज्येष्ठांना माझं उत्तर असं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. पुढे आपला स्वतःचा छापखाना उभा राहिला. छापखाना म्हणजे नुसता अग्रलेख नव्हे, त्यात खिळे जुळवणं, प्रुफं तपासणं आणि अंक वेळेवर बाहेर काढणंही आलं. आज सर्व्हर हे त्याच प्रकारचं काम आहे. "ते पोरं करतील" म्हणून कार्यकर्त्याने हात झटकले, तर प्रुफं कोण तपासणार? लॅपटॉपवाल्या मुलाला पायथॉन येतं, पण रात्री एक वाजता कोण घरी येतं हे वस्तीत फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आणखी एक. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि तिथली बुद्धभूषण प्रेस पाडली गेली. जे एकाच जागी असतं ते एका रात्रीत जाऊ शकतं. म्हणून आमच्या डेटाबेसची प्रत आता रोज दुसऱ्या ठिकाणी जाते आणि डॉकरफाइल तिघांकडे आहे. कोणी नोकरी बदलून गेला तरी काम थांबणार नाही.

घड्याळ दुरुस्त केलं. तारीख आता आशिया/कोलकाता वेळेनेच मोजली जाते आणि "इतके दिवस बाकी"च्या आधी शेवटची तारीख ठळक अक्षरात दिसते. त्या मुलाला आम्ही घरी जाऊन चूक सांगितली. त्याचा यंदाचा अर्ज मात्र गेला तो गेलाच. फीसाठी आता हप्त्यांची खटपट चालू आहे आणि ती आमचीही जबाबदारी आहे.

तुमच्या शाखेचं, मंडळाचं असं काही अ‍ॅप असेल तर आज रात्री बारानंतर एकदा उघडून बघा.

जय भीम.