उंचीचा रकाना

माझा एचआयव्ही जन्माचा. आई-वडील मी शाळेत जायच्या आतच गेले आणि आत्यानं मला आजऱ्याकडच्या तिच्या घरी आणलं. तिला स्वतःची दोन पोरं, खाष्ट सासू, त्यात माझी भर. गावाला काय सांगायचं, हा प्रश्न तिनं एका दिवसात निकालात काढला. ‘पोराच्या छातीत कमजोरी हाय’, एवढं सांगून ती मोकळी झाली, आणि ते वाक्य माझ्या कॉलेजपर्यंत टिकलं.

सरकारची मोफत औषधं २००४ साली सुरू झाली, मुलांसाठीची वेगळी सोय २००६च्या अखेरीस. त्याआधी मोठ्यांच्याच गोळ्या मोडून पोरांना द्याव्या लागत. आत्या पाटावर गोळी ठेवून सुरीनं तिचे दोन भाग करायची, आणि सांडलेला भुगा ओल्या बोटानं टिपून माझ्या जिभेवर ठेवायची. तो कडू भुगा वाया गेलेला तिला चालत नसे. मी जगलो तो या भुग्यावर, असं मला आजही वाटतं.

पण जगणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एआरटी सेंटरवरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, सिस्टरांमुळे कळलं. सेंटरवर तेव्हा सगळ्यांची नजर सीडी फोर या रोगप्रतिकारक पेशींच्या आकड्यावर आणि वजनावर असायची. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन घेतलंच जायचं. उंचीचा रकाना गर्दीत रिकामा राहायचा, नाहीतर मागचाच आकडा पुढं उतरायचा. या सिस्टर मात्र पोराला चप्पल काढायला लावून भिंतीला उभं करायच्या. ‘टाचा भिंतीला, नजर समोर, श्वास सोड.’ डोक्यावर पट्टी टेकवून त्या स्वतः आकडा वाचायच्या. माझं वजन बरं वाढत होतं, सीडी फोर चढत होता, सगळे खूश होते. उंची जागची हलत नाही, हे त्यांनीच पकडलं. तेराव्या वर्षी मी चौथीतल्या पोराएवढा दिसत होतो. ‘डॉक्टर, हे पोर खुंटलंय, जरा बघा तरी,’ म्हणत त्या माझी वही घेऊन आत शिरल्या.

वयात येण्याची चार-पाच वर्षं हाडांच्या भरणीची असतात. विशी गाठेपर्यंत बहुतेक भरणी होऊन जाते, नंतर फारशी भर पडत नाही. आईकडून विषाणू आलेल्या मुलांचं वयात येणं लांबतं, त्यामुळे ही भरणी उशिरा सुरू होते. विषाणूमुळे अंगात सतत सूज धुमसत राहते आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर चढतो. पोटात अन्न टिकत नाही ते वेगळंच. ही सगळी कारणं मला पुढं समजली. तेव्हा एवढंच झालं, की नववीत कबड्डी खेळताना मी हातावर पडलो आणि मनगट मोडलं.

पहिल्या दवाखान्यात माझं औषधाचं पुस्तक पाहताच ‘बेड नाही’ झालं. त्यावर जास्त लिहावं असं नाही. दुसऱ्या ठिकाणी प्लास्टर झालं, हाडं विरळ दिसतात म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला सांगितलं, आणि अहवालावर ‘ऑस्टिओपोरोसिस’ छापून आलं. आत्यानं तो शब्द शेजारच्या पोराकडून वाचून घेतला आणि दोन दिवस जेवली नाही.

सेंटरवरच्या तरुण डॉक्टरांनी तो शब्द पेनानं खोडला. मला आणि आत्याला समोर बसवून ते म्हणाले, ‘मशीननं याची तुलना याच्या वयाच्या पोरांशी केलीय. याची हाडंच लहान आहेत, मग चित्रात ती विरळ दिसणारच. उंचीचा हिशेब धरून बघा.’ तसं बघितल्यावर आकडा कमीच होता, पण भयंकर नव्हता. मुलांच्या बाबतीत नुसत्या डेक्सावरून तो शिक्का मारत नाहीत, मणका दबल्याचा किंवा लांब हाडं वारंवार मोडल्याचा इतिहास लागतो, हेही त्यांनी सांगितलं. तो हिशेब त्यांना करता आला, कारण सिस्टरांनी वर्षानुवर्षं उंची खरी लिहून ठेवली होती.

मग आत्याची पाळी. आमच्याकडं नाचणी घरची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी आंबील, संध्याकाळी भाकरी हा तिचा जुनाच रिवाज होता, तो माझ्यावर सक्तीनं लागू झाला. आंबवल्यानं धान्यातलं कॅल्शियम अंगी लागायला मदत होते, हेही तिच्या गावी नव्हतं. दुपारच्या उन्हात अंगणात दोरीवरच्या उड्या मारायचा हुकूम डॉक्टरांचा, पहारा तिचा. हाडावर भार पडल्याशिवाय हाड भरत नाही, एवढं तिला पटलं होतं. शेजारणी विचारायच्या, ‘पोरगं उन्हात का नाचतंय?’ ती म्हणायची, ‘छातीसाठी.’

पुढं वजन तीस किलोच्या वर गेल्यावर टेनोफोविर सुरू झालं. औषध चांगलं, पण मूत्रपिंडातून फॉस्फेट गळू शकतं आणि हाडाची घनता सुरुवातीला थोडी उतरते. सोबतचं इफाविरेन्झ ड जीवनसत्त्व खातं. ते कळल्यावर मी गोळ्या थांबवायचा विषय काढला, तर सिस्टरांनी मला असं झापलं की विचारू नका. ‘हाडाचं आपण बघू. गोळी चुकली तर बघायला तूच राहणार नाहीस.’ क्रिएटिनिन आणि लघवीच्या तपासण्या मात्र त्यांनी एकदाही टळू दिल्या नाहीत. डेक्सा अजूनही सेंटरच्या नेहमीच्या तपासण्यांत नाही. उंची मोजायची पट्टी मात्र सगळीकडं आहे, आणि ती वापरायला एक रुपया लागत नाही. मला राग येतो तो याचा.

मिसरूड उशिरा फुटलं, उंची उशिरा आली, पण आली. सिस्टर निवृत्त होताना मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होतो. त्यांनी मला मान खाली घालायला लावून डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच विचारलं, ‘व्हायरल लोड कधी केलास?’

आत्या आता साठीपार आहे. गेल्या वर्षी पाठ दुखते म्हणून तिला कोल्हापूरला नेलं, तर तिच्या डेक्सावर तो शब्द खरोखरचा निघाला, आणि या वेळी खोडायला कुणी नव्हतं. मला आंबील पाजताना ती स्वतः चहावर दिवस काढत होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता तिला रोज कॅल्शियम आणि रविवारी ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आहे. मी दर रविवारी फोन करून विचारतो. ती म्हणते, ‘घेतली की.’ मागून वहिनी ओरडते, ‘खोटं बोलत्यात, डब्यात तशीच हाय!’