मातीखालचे फोटो

तुमच्या घरातले जुने फोटो कुठे ठेवलेत, सांगा बरं? कपाटात? माळ्यावर?

आमच्या घरी ते आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत असायचे. मी चौथीत असताना दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक उघडली. त्यात एक फोटो होता. पण त्याला फोटो तरी कसं म्हणायचं? एका लहान मुलीचा फ्रॉक दिसत होता आणि कुणाचं तरी बोट धरलेला तिचा हात. चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट डाग!

"आजी, हा खराब झालाय. टाकून देऊ?" मी विचारलं.

आजीने फोटो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "अगं, ही तुझी आत्या. तीन वर्षांची असताना तापाने गेली. तिचा हा एवढा एकच फोटो. पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा घरात पाणी शिरलं आणि हा भिजला. पण तिचा हात दिसतोय ना? मग खराब कसा?"

मी गप्प बसले. पण खरं सांगू? आजीचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं. ते पटलं पुष्कळ वर्षांनी, आणि तेही दूरच्या पोलंड देशातल्या एका फोटोग्राफरमुळे.

त्यांचं नाव हेन्रिक रॉस. ते ज्यू होते. आपल्या कोकणात मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेही ज्यूच. रॉस राहायचे वूच शहरात. नकाशात ते 'लोद्झ' या नावाने सापडेल. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीने पोलंड जिंकला. १९४० मध्ये वूचच्या ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडून भोवती कुंपण घातलं. दीड लाखाहून जास्त माणसं! अशा वस्तीला 'घेट्टो' म्हणत. पोटभर अन्न नाही, बाहेर जायची सोय नाही, कपड्यांवर पिवळी चांदणी लावायची सक्ती.

रॉसना तिथे सरकारी काम मिळालं. लोकांच्या ओळखपत्रांसाठी आणि कारखान्यांच्या कामाचे फोटो काढायचे. बाकी कशाचेही फोटो काढायला बंदी! पकडलं गेलं तर जिवाशी गाठ.

मग त्यांनी काय केलं असेल? तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म घालावी लागायची, आणि ती मोजून मिळायची. रॉसनी पायऱ्यापायऱ्यांचा एक मंच केला. त्यावर बारा-बारा माणसं उभी करून एकाच निगेटिव्हवर सगळ्यांचे चेहरे टिपायचे आणि नंतर ते कापून वेगळे करायचे. वाचलेली फिल्म खिशात! मग कोटाखाली कॅमेरा लपवून ते रस्त्यावर हिंडायचे. कोट जरासा उघडायचा, फोटो काढायचा, पुन्हा कोट बंद.

त्यांनी जमिनीत खाण्याचं काही मिळतंय का, ते शोधणारा मुलगा टिपला. लग्नं टिपली. पोलीस-पोलीस खेळणारी छोटी मुलंही टिपली. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये दहा वर्षांखालची मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं वस्तीतून नेण्यात आली. त्यांना मारून टाकण्यात आलं. रॉसच्या फोटोंतली किती मुलं त्यात असतील, या विचाराने माझा हात पान उलटताना थांबतो.

१९४४ मध्ये उरलेल्यांनाही नेलं. साफसफाईसाठी मागे ठेवलेल्या थोड्या लोकांत रॉस होते. आपण जगू, याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी सुमारे सहा हजार निगेटिव्ह पेटीत भरून जमिनीत पुरले. आपण नसलो तरी फोटो राहावेत!

जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य आलं, तेव्हा वस्तीत नऊशेसुद्धा माणसं उरली नव्हती. रॉस आणि त्यांची पत्नी स्टेफानिया वाचले. मार्चमध्ये त्यांनी पेटी उकरून काढली. जमिनीतलं पाणी आत शिरलं होतं. जवळजवळ निम्मे निगेटिव्ह नासले होते. जे उरले, त्यांतही कितीतरी डागाळलेले, कडा विरघळलेले.

ते त्यांनी टाकून दिले का? मुळीच नाही! १९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. रॉसनी तिथे साक्ष दिली आणि त्यांचे फोटो पुरावा म्हणून दाखवले गेले. आज ते कॅनडातल्या टोरांटोच्या मोठ्या कलासंग्रहालयात जपलेले आहेत.

योगायोग बघा, पानशेतचा पूरही १९६१ चाच. आमच्या घराचं दुःख आणि तिथलं दुःख यांची तुलनाच नाही. एकीकडे पुराचं पाणी, दुसरीकडे माणसांनी ठरवून केलेला संहार. पण रॉसचे डागाळलेले फोटो पुस्तकात पाहिले, तेव्हा मला एकदम आजी आठवली. फोटोतला चेहरा पुसला गेला, तरी ते माणूस होतं, हे काही पुसलं जात नाही. आणि तो डागसुद्धा काय काय घडलं, ते सांगतच असतो.

आत्याचा फोटो आता माझ्याकडे आहे. त्याच्या मागे मी पेन्सिलीने तिचं नाव लिहून ठेवलंय. आजी आता नाही. मी लिहिलं नसतं, तर हा हात कुणाचा, हे उद्या कोण सांगणार?

तुम्हीही येत्या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. एकेक फोटो हातात घेऊन विचारा, "हे कोण?" आणि ऐकलेलं लगेच लिहून ठेवा. कराल ना?