सोडून दिलेला ससा

सहावीत असताना ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर लिहिलेल्या माझ्या निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते आणि बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता. आमच्या घरी आलेला पांढरा ससा, त्याचे लाल डोळे, गाजर खाताना हलणाऱ्या त्याच्या मिशा, असे सगळे त्यात होते. शेवट मला अजून आठवतो. आमचा ससा आता टेकडीवर आपल्या भाऊबंदांबरोबर आनंदाने बागडत असेल, असे मी लिहिले होते. माझ्या लेखनाला मिळालेले हे पहिले कौतुक. पुढे सारे आयुष्य साहित्य शिकवण्यात गेले. विद्यार्थ्यांना शब्द पारखून घ्या असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. ते एक वाक्य मात्र कधी पारखले नाही.

घडले होते ते असे. ससा काकांनी दिवाळीत आणला होता. उन्हाळा येईपर्यंत पिंजऱ्याला वास येऊ लागला, आईच्याने त्याचे करणे होईना आणि आम्हा भावंडांची हौस तर केव्हाच फिटली होती. एका रविवारी संध्याकाळी काका त्याला पिशवीत घालून गावाबाहेरच्या टेकडीवर गेले. परत आल्यावर पाय धुता धुता म्हणाले, “सोडून दिला त्याला. सुखात राहील आता.” ‘टाकून दिला’ असे कोणी म्हणाले नाही. मराठीत या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे! सोडणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते, टाकणाऱ्याच्या पदरी दोष. कृती तीच असली तरी क्रियापद आपण निवडतो. त्या संध्याकाळी आमच्या घराने जे क्रियापद निवडले, त्याचाच मी पुढे निबंध केला.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या जिन्याखाली सापडलेले एक खोके. पुण्यात त्या दिवशी पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती. खोक्याला सुरीने चार भोके पाडलेली होती आणि आत कुजलेल्या कोबीच्या पानांवर एक ससा दबून बसला होता. पांढरा म्हणायचा, पण पोटाखालची लोकर पिवळी पडून तिच्या गाठी झाल्या होत्या. नखे वाढून वाकडी झालेली. एका कानात खपल्यांचा थर. मी हात पुढे केला तेव्हा तो पळाला नाही. मला ते माणसाळलेपण वाटले. तो पळण्याच्या पलीकडे गेलेला आहे, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले. वॉचमनना विचारले, तर त्यांना नवल वाटले नाही. “शाळा सुरू झाल्या ना सर,” ते म्हणाले, “सुट्टीत आणतात पोरांसाठी.”

पहिल्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांची गर्दी होती. तिथे तोंडावाटे द्यायचे एक औषध लिहून मिळाले. नशिबाने ते सुरू करण्याआधी एका जुन्या विद्यार्थिनीने दुसऱ्या डॉक्टरांचे नाव सुचवले. चिठ्ठी पाहून त्या बाई क्षणभर गप्प झाल्या. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे सशाला तोंडावाटे दिली, तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल ढासळतो आणि त्यात तो मरूही शकतो, असे त्यांनी समजावले. मग तपासणी झाली. कानात खरजेचे किडे होते. तारेच्या जाळीवर महिनोन्‌महिने बसून मागच्या पावलांना जखमा झाल्या होत्या, कारण सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसती लोकर असते. दातांची अवस्था सर्वांत वाईट होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर वर्षाला साधारण १० ते १२ सेंटिमीटर वाढतात. गवत चावून ते झिजावेत अशी निसर्गाची योजना. या सशाला बहुधा पोळी, बिस्किटे आणि गाजर यांवर ठेवलेले असावे. मागच्या दाढांना टोके फुटून जीभ सोलली होती. भूक असूनही त्याला खाता येत नव्हते. आणि हो, तो ससा नर नव्हता, मादी होती.

माझ्या निबंधातले गाजर तिथेच गळून पडले. गाजर सशाला एखादा लहान तुकडा, खाऊ म्हणून द्यायचे असते. त्याचे अन्न म्हणजे गवत, गवत आणि गवत. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास त्याने काही खाल्ले नाही, तर ती तातडीची अवस्था समजायची. दाढा घासून झाल्यावर पहिले नऊ दिवस आम्ही दोघे नवराबायको आळीपाळीने जागलो. दर तीन-चार तासांनी चाऱ्याच्या पिठाची पातळ पेज सुई काढलेल्या सिरिंजने तिच्या गालाच्या कडेला सोडायची, पोट हलके चोळायचे आणि सकाळी लेंड्या मोजायच्या. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला मी पहाटे उठून लेंड्यांचा आकार वहीत नोंदवू लागलो. पहिल्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी अकरा, पण बारीक. नवव्या दिवशी मोजायचे सोडून दिले, इतक्या होत्या. ‘सोडून देणे’ या शब्दप्रयोगाचा इतका निर्मळ आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

शहरात गवत कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. गोठ्यावर लसूणघास मिळाला, पण त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला तो रोज चालत नाही. शेवटी हराळी सापडली ती देवळाबाहेरच्या फूलवाल्या मावशींकडे, दूर्वांच्या रूपात. मी रोज सकाळी सगळ्या जुड्या उचलू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, “काका, अनुष्ठान चाललंय का काही?” मी खरे ते सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे गणपतीच्या दूर्वा उंदराच्या भावाला. चालू द्या.” तेव्हापासून जुन्या, निवडून टाकलेल्या दूर्वांची पिशवी त्या माझ्यासाठी वेगळी ठेवतात. हिने सशाचे नाव दूर्वाच ठेवले.

त्या जागरणांत मी एक जुना लेख पुन्हा काढून वाचला. अठराव्या शतकातील इंग्रजी कविता शिकवताना विल्यम कूपर या कवीला मी नेहमी दोन वाक्यांत उरकत असे. तीव्र विषादाच्या झटक्यातून नुकत्याच सावरू पाहणाऱ्या कूपरकडे १७७४ मध्ये ऑल्नी या गावी सशाचे एक पिल्लू आले. शेजाऱ्याच्या मुलांना ते खेळायला मिळाले होते. मुलांना त्याला छळता येत होते, पोसता येत नव्हते. लवकरच ती कंटाळली आणि पिल्लू दिवसेंदिवस वाळत चालले, तेव्हा त्यांच्या वडिलांनीच ते कूपरला देऊ केले. अडीचशे वर्षांपूर्वीची ही हकीकत वाचताना मला आमचा जिना दिसला. कूपरने पुढे पस, टायनी आणि बेस असे तीन ससे पाळले आणि १७८४ मध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. त्या लेखात बोधकथा नाही, निरीक्षण आहे. कोण काय खातो, कोण कधी चिडतो, कोणाचा स्वभाव कसा. पस तीन दिवस आजारी होता. कूपरने त्याची शुश्रूषा केली, तेव्हा बरा झाल्यावर त्याने कूपरचा हात सगळीकडून चाटला. टायनीचीही आजारपणात तेवढीच सेवा झाली. तो मात्र कधीच माणसाळला नाही. कुरवाळायला गेले की गुरगुरायचा, पुढच्या पायांनी फटकारायचा, चावायचा. आणि कूपरने आपली प्रसिद्ध मृत्युकविता लिहिली ती या टायनीवर! वर्गात हे मी कधी सांगितले नव्हते, कारण माझ्याच ते लक्षात आले नव्हते.

कूपरचे ससे आणि आमची दूर्वा हे मात्र एका जातीचे प्राणी नव्हेत. कूपरचे ससे रानससे होते, मोकळ्या रानात राहणारे. त्यांची पिल्ले उघड्यावर जन्मतात, जन्मतःच त्यांच्या अंगावर लोकर असते आणि डोळे उघडे असतात. आपल्या माळांवर आणि टेकड्यांवर दिसणारा, मानेवर काळा डाग असलेला भुरकट ससा याच गोत्रातला. पाळीव ससा निराळा. त्याचे पूर्वज इबेरियाच्या भूमीतले, बिळे करून कळपाने राहणारे. त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. दोहोंचा संकरही होत नाही. इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत. मराठीत मात्र दोघेही ससेच, आणि या एका शब्दाने आमच्या काकांसारख्या किती जणांची फसगत केली असेल! टेकडीवर ससे असतात हे खरे. म्हणून पिंजऱ्यातला ससा टेकडीवर ‘आपल्या घरी’ गेला, असे आपण मानतो. त्याचे तिथे कोणी भाऊबंद नसतात. पिढ्यानुपिढ्या माणसाने निवडून जपलेला तो पांढरा रंग वाळक्या गवतात दुरून दिसतो. बीळ तयार नसते, पळायची वाट माहीत नसते आणि कुत्री, मुंगसे, घारी यांना तो पहिल्या दिवशीच कळतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने भुकेने वा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राणी विनाकारण सोडून जाणे हा गुन्हा ठरवला. त्या कायद्यात पहिल्या अपराधाला दंड लिहिला आहे तो १० ते ५० रुपयांचा.

आणखी एक गोष्ट जाणवली. आपल्या कथांनी सशाला भरपूर बोलायला लावले आहे. पंचतंत्रात तो सिंहाला विहिरीशी नेतो, हत्तींच्या राजाला चंद्राचा निरोप सांगतो. जातकात तो अतिथीसाठी आपला देह अग्नीत देऊ करतो आणि चंद्रावर त्याची आकृती कोरली जाते. चंद्राला शशांक म्हणणारी आपली परंपरा सशाच्या बाबतीत कृपण नाही. पण खरा ससा जवळजवळ निःशब्द असतो. तो भक्ष्य आहे. दुखणे दाखवणे म्हणजे शिकाऱ्याला बोलावणे, म्हणून तो दुखणे लपवतो. वरून उचलायला गेलेला प्रेमळ हातही त्याला घारीसारखा वाटतो, आणि सुटण्यासाठी मागच्या पायांनी दिलेल्या जोरदार झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. दातांचा हलका आवाज म्हणजे समाधान, मोठा करकर आवाज म्हणजे वेदना. कोपऱ्यात आक्रसून बसणे म्हणजे शांतपणा नव्हे. ही भाषा मी साठीनंतर शिकलो. बोलणाऱ्या सशांवर पोसलेल्या मला न बोलणारा ससा वाचता येत नव्हता.

दूर्वाच्या पावलांच्या जखमा भरायला चार महिने लागले. जमिनीवर सतरंजी आली, जाळीचा पिंजरा गेला. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची शस्त्रक्रिया झाली, कारण माद्यांमध्ये वयाबरोबर गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. पुढच्या उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवल्या. एका पहाटे तिने हॉलमध्ये अचानक उडी मारली, हवेतच अंगाला पीळ दिला आणि खाली येऊन काही झालेच नाही अशी बसली. आनंदाची उडी ती. माझ्या निबंधातला ‘बागडणे’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या सुमारास शेजारच्या इमारतीतला एक मुलगा तिला पाहायला येऊ लागला. पाचवी-सहावीतला असेल. एकदा तिच्यापुढे दूर्वा धरून तो म्हणाला, “आजोबा, आमच्याकडे पण होता. बाबांनी टेकडीवर सोडला. तिथे त्याला मित्र मिळाले असतील ना?”

माझेच वाक्य, माझ्याच वयात, माझ्यासमोर उभे होते. हो म्हणणे सोपे होते आणि त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. बराच वेळ मी काही बोललो नाही. मग म्हणालो, “माझाही एक ससा असाच टेकडीवर सोडला होता. मला वाटायचं, मिळाले असतील. आता तसं वाटत नाही. तुझ्या बाबांनाही माहीत नसेल. आमच्या काकांनाही नव्हतं.”

तो रडला नाही. हातातली दूर्वा तशीच धरून बसला. तिने ती ओढून घेतल्यावर म्हणाला, “हिला नाही ना सोडणार?”

“नाही,” मी म्हणालो.

चार दिवस तो आला नाही. मी फार बोललो की काय, या विचाराने मला झोप लागली नाही. पाचव्या दिवशी कोथिंबिरीची जुडी घेऊन आला आणि मागे दारात त्याचे वडील उभे होते. ते आत आले, बसले, चहा झाला. टेकडीचा विषय कोणी काढला नाही. जाताना त्यांनी विचारले, “सर, गवत कुठून आणता तुम्ही?” मी देवळाबाहेरच्या मावशींचा पत्ता सांगितला.

दूर्वा अजून मांडीवर येत नाही. उचलायला गेले की पाय आपटते, आणि दोनदा चावलीही आहे. ती टायनीच्या वळणावर गेली, असे आम्ही म्हणतो आणि जुडी तिच्यापुढे ठेवून बाजूला होतो.