दोन बोटं

मामांनी माझ्याकडून शॉकअप बदलायची मजुरी घेतली, बुश बदलल्याचे घेतले, एकदा चेंबरला झाळ मारून आणल्याचेही घेतले. ज्या कामाचे द्यायला हवे होते त्याचा मात्र एक रुपया घेतला नाही. ते काम म्हणजे मोजणं. "मोजायचं काय घ्यायचं रं?" एवढं म्हणून विषय संपवला. तेव्हापासून हे देणं माझ्या डोक्यावर आहे.

मी काही त्यांचा भाचा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रीला मामा म्हणायला नातं लागत नाही. त्यांच्या गॅरेजला पाटी नव्हती, दोन गाड्या आत मावायच्या, तिसरी गटारीवर. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जाते आणि वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, हे मला पाठ होतं. आयुष्यात एकही स्प्रिंग मोजलेली नव्हती.

गाडी २०१४ ची पोलो, २०१८ मध्ये जुनी घेतलेली. रोज राजारामपुरीतून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचं, रविवारी आईला घेऊन कुठेतरी देवाला. पण चाकावरची ती रिकामी जागा मला सलायची. आपल्याकडच्या गाड्या रस्ते बघूनच जरा उंच ठेवलेल्या असतात, हे कळत होतं, वळत नव्हतं. शेवटी पुण्यातल्या एका गॅरेजात पस्तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकून घेतल्या. पंचवीस हजारांच्या आत काम झालं. शॉकअप कंपनीचेच राहू दिले, कारण बसवणारा म्हणाला, "चालतंय." चाललं. एक पावसाळा चाललं.

दिवाळीपर्यंत मागचे दोन्ही शॉकअप तेलानं माखले. गाडी खड्ड्यातून निघाल्यावरही चेंडूसारखी टुणटुणत राहायची. पुढचे टायर आतल्या बाजूनं खाल्ले गेले होते, ते बाहेरून दिसतही नव्हतं. आईनं गाडीला नावं ठेवली नाहीत. फक्त एकदा म्हणाली, "आपण एसटीनं गेलो तर?"

मग मी मामांकडे गेलो, आणि गेलो तो निकाल घेऊनच. स्वस्त वस्तू घेतली म्हणून फसलो, आता थेट कॉइलओव्हर. भिशी लागली होती, लाखाच्या वरचा सेट बघून ठेवला होता. मामांनी ऐकून घेतलं, फळीखालून एक गंजका पुढचा शॉकअप काढला आणि माझ्या पायाशी ठेवला. कुणातरी गिऱ्हाइकाच्या गाडीचा कॉइलओव्हर होता तो. नळीवर बाहेरून आटे, आट्यांवर स्प्रिंग बसायची चकती. चकती फिरवली की गाडी वर-खाली. आट्यांत तीन पावसाळ्यांचा चिखल आणि गंज असा घट्ट बसला होता की चकती कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते तेच कळेना. एका कडेला छिन्नीचे घाव होते.

"ही घेताना त्यो म्हणालावता, पाहिजे तवा फिरवीन," मामा म्हणाले. "तीन वर्सांत येकदा फिरवाय आला. तू फिरवणार हाईस?"

मी खरं सांगितलं. एकदा बसली की बसली.

"मग चकतीचं पैसं कशापायी देतोस?"

मामांचा कॉइलओव्हरवर राग होता असं कुणी समजू नये. तो शॉकअप मुळातच आखूड असतो, म्हणून गाडी खाली आली तरी आतल्या दांड्याला खेळायला जागा उरते. आणि त्याचा रोध त्याच्याच स्प्रिंगच्या ताकदीला जुळवलेला असतो. खरा पैसा या जुळवणीचा. उंची बदलणं हा वरचा मान. पोलोच्या मागच्या बाजूला तर स्प्रिंग शॉकअपवर नसतेच, शेजारी वेगळी बसते, त्यामुळे तिथं कॉइलओव्हर हे नाव नावापुरतंच.

"जुन्या स्प्रिंगा हाईत का इकल्यास?" त्यांनी विचारलं. होत्या. माळ्यावर, आईच्या लोणच्याच्या बरण्यांमागे. त्या परत बसवल्या, शॉकअप कंपनीचेच पण नवे टाकले, आणि मामांनी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. पुढे ३८२. आकडा खडूनं शटरच्या आतल्या बाजूला लिहिला. मग मागच्या शॉकअपचं रबरी बूट वर सारून चकचकीत दांड्याला एक बारकी केबल टाय आवळली आणि ती नळीच्या तोंडाशी आणून टेकवली. गाडी जितकी दबेल तितकी नळी त्या टायला वर ढकलणार. गाडी सुटली की नळी खाली जाईल, टाय तिथेच राहील.

"आठ दिस नेहमीसारखी चालीव. आईला घिऊन येकदा जोतिबाला जाऊन ये. मुद्दाम खड्ड्यात घालू नगंस आन् चुकवू बी नगंस."

आठ दिवसांनी बूट वर केलं. टाय वर सरकली होती. तिच्या आणि वरच्या रबरी बम्पस्टॉपच्या मध्ये मामांनी बोटं घातली. दोन मावली, तिसरं नाही. म्हणजे तीस-बत्तीस मिलिमीटर. मी पुण्यात गाडी पस्तीसनं खाली केली होती. कडक स्प्रिंग जरा कमी दबते हे खरं, पण इतकी नाही. सबंध पावसाळा माझी गाडी मोठ्या खड्ड्यागणिक रबरावर आपटत होती, आणि मी तिला स्पोर्टी म्हणत होतो.

खड्ड्यांच्या जोडीला गतिरोधक होतेच. रस्तेबांधणीच्या १९८८ च्या भारतीय संकेतात गतिरोधकाचा उंचवटा दहा सेंटिमीटरचा आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली होती. आमच्या गल्लीतला गतिरोधक वर्गणी काढून एका रात्रीत झाला. त्याला हा संकेत कुणी वाचून दाखवला नसावा. आणखी एक गोष्ट मामांनीच काढली होती. कंपनीची मूळ रचना बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, तेव्हा शॉकअपला हात घालण्याआधी विम्यावाल्याला विचारून घे, म्हणाले. विचारलं, आणि लेखी घेतलं.

त्यानंतर वर्षभर मी गाडीला हात लावला नाही. मग पंचवीस मिलिमीटरच्या स्प्रिंगा घेतल्या, आणि सोबत त्यांच्यासाठीच केलेले आखूड शॉकअप. स्प्रिंगांपेक्षा शॉकअप महाग पडले. कॉइलओव्हरच्या मानानं तरी पुष्कळ वाचले. रोजच्या गाडीला माझं मत हेच: नुसत्या स्प्रिंगा टाकू नका, आणि दर पावसाळ्यानंतर आटे घासून ग्रीस लावणार नसाल तर कॉइलओव्हर घेऊ नका. बसवल्यावर मामांनी टेप माझ्या हातात दिली. मी मोजलं, त्यांनी शटरवर लिहिलं: पुढे ३५७, ३५६. एका मिलिमीटरच्या फरकाकडे त्यांनी काणाडोळा केला, आणि अलाइनमेंटला पिटाळलं.

गेल्या पाडव्याला पेढे आणि पाकीट घेऊन गेलो. पेढे ठेवून घेतले. पाकीट माझ्याच वरच्या खिशात परत खोचलं. गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो. शटरला रंग दिलाय, माझे आकडे गेले.

केबल टाय मात्र नव्या शॉकअपच्या दांड्यावरही आहे. परवा आई आणि मावशीला घेऊन नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, आल्यावर बूट वर करून बघितलं. दोन बोटं जागा आहे.