परत न आलेला माणूस

अनुभवाने माणूस तयार होतो यावर आपला एवढा विश्वास, की डॉक्टर निवडतानाही आपण आधी त्याच्या केसांकडे पाहतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बाबतीत हा विश्वास पुष्कळसा रास्त आहे. टाके उसवले तर रुग्ण दोन दिवसांत समोर हजर होतो. बोलण्यातून उपचार करणाऱ्याचं तसं नसतं. ज्याला बरं वाटतं तो येत राहतो, ओळखीच्या चार जणांना पाठवतो. ज्याला वाटत नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर फोन उचलत नाही. त्याला नोकरी लागली, पैसे संपले, की आपलंच एखादं वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं, हे कळायला मार्ग नसतो. सोलापुरात चादर विणणाऱ्याला ताण्यातला धागा तुटला की कापडावर रेघ दिसते, आणि माग तिथेच थांबवता येतो. थेरपिस्टचं सदोष कापड मात्र दाराबाहेर निघून जातं, आणि नजरेसमोर उरतात ते जमलेले नमुने. वीस वर्षं असंच चाललं तर आत्मविश्वास नक्की वाढतो. कौशल्य वाढतं का, हा प्रश्न वेगळा, आणि या पेशातल्या आजन्म शिक्षणाचा विचार मी तरी तिथूनच सुरू करीन.

या प्रश्नाला आकड्यांचं उत्तर आहे आणि ते सुखद नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकेका थेरपिस्टचा सरासरी पावणेपाच वर्षांचा काळ त्यात येतो. अनुभव वाढत गेला तसा उपचारांचा परिणाम सुधारला नाही. उलट अगदी किंचित घसरला. हे सरासरीचं बोलणं आहे, काही जण सुधारलेही. उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. माणसाला धरून ठेवणं अनुभवाने जमतं, एवढं मान्य करू. पण बिघडत चाललेला माणूस ओळखता येतो का? २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टांना विचारलं होतं, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची प्रकृती शेवटी आणखी खालावेल? ५५० जणांपैकी फक्त तिघांची नावं पुढे आली. प्रत्यक्षात ४० जण खालावले, आणि त्या तिघांपैकी एकाचाच अंदाज बरोबर ठरला. २०१२ मध्ये १२९ व्यावसायिकांना स्वतःची इतरांशी तुलना करायला सांगितलं, तेव्हा सरासरीपेक्षा कमी म्हणवून घेणारा एकही निघाला नाही. याला ढोंग म्हणू नये. ज्यांची चूक समोर येत नाही, त्यांना प्रामाणिकपणेही असंच वाटणार.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कार्यशाळा. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. ऐकायला मिळतं ते उपयोगाचं नसतं असं नाही. ज्याने समलैंगिकतेला आजार म्हणणाऱ्या जुन्या पुस्तकातून अभ्यास केला, त्याला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती १९७३ सालीच आजारांच्या यादीतून काढली हे कोणीतरी सांगायलाच हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला लावलं, हेही माहीत हवं. आणि गुरू जवळ नसणं ही शिकण्याला अडचण नसते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून, शंका काढून, वाद घालून विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला आणि महाराष्ट्रात रुजवला. तरीही एक फट राहते. सिद्धान्तावरची पत्रं, व्याख्यानं, प्रमाणपत्रं ही सगळी खोलीबाहेरची. काल दुपारी समोरच्या बाईंनी विषय बदलला, तो कोणत्या वाक्यानंतर, हे त्यांतून कळत नाही.

ती फट बुजवायला दर भेटीला समोरच्यालाच विचारावं आणि सत्रं ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्यांना ऐकवावीत, असं म्हटलं की मला सोलापूरच आडवं येतं, आणि आक्षेपही तिथलेच आहेत. पहिला आक्षेप असा, की हे अमेरिकेचे आकडे. इथे कोणी डॉक्टरला तोंडावर ‘तुमचा उपयोग झाला नाही’ म्हणणार नाही. खरं आहे. शहराच्या पूर्व भागातली विड्या वळणारी बाई घरी तेलुगू बोलते, दवाखान्यात मराठीत उत्तर देते, आणि ‘बरं वाटलं का?’ म्हटलं की मान हलवते. अक्कलकोटकडून आलेल्याचं कानडी असेल, कोणाचं दखनी. म्हणजे भाषा आणि भिडस्तपणा असे दोन पडदे. पण यावरून न विचारणं शहाणपणाचं ठरत नाही, विचारण्याची पद्धत बदलावी लागते. ‘बरं वाटलं का’ ऐवजी ‘आठवड्यात किती रात्री झोप लागली’, ‘आज कोणती गोष्ट बोलायची राहून गेली’ असं दर भेटीला, तिच्या भाषेत, शक्य तर थेरपिस्टऐवजी बाहेर बसलेल्या मदतनीसाने विचारावं. शिवाय या शहरात काल शिकलेलं आज पुरत नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीसकट इथल्या गिरण्या बंद पडल्या, आणि आता जवळच्या कुंभारीला असंघटित कामगारांची रे नगर ही हजारो घरांची वसाहत उभी आहे. गिरणी बंद पडल्याने खचलेल्या बापाचं दुःख समजून घेण्याची जी पद्धत होती, ती रे नगरच्या नव्या घरात एकटी पडलेल्या त्याच्या नातसुनेला लागू पडेलच असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संभाषण ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्यांना ऐकवायचं म्हटलं, तर सोलापूरसारख्या गावात आवाज ओळखू येतो; कोणाची सून, कोणाचा जावई, दोन मिनिटांत कळतं. गोपनीयतेपुढे शिकणं दुय्यमच. म्हणून लेखी संमती, नकार देण्याची खरी मोकळीक, आणि ऐकणारे दुसऱ्या शहरातले, अशी घडी घालावी लागेल. ती घालता येते. गोव्यात संगाथ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना नैराश्यावरचा सहा ते आठ भेटींचा उपचार शिकवला. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नेहमीच्या उपचाराला त्याची जोड मिळालेले रुग्ण नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. मला त्या उपचारापेक्षाही शिकण्याची रीत महत्त्वाची वाटते. हे समुपदेशक एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रं गटात ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. तज्ज्ञांच्या अंगवळणी न पडलेली गोष्ट त्यांच्या कामाचा भाग झाली होती.

उरतो कलेचा आक्षेप: माणसाचं मन निकषांत मावत नाही, मुरलेल्या थेरपिस्टला ते आतून उमगतं. उमगत असेलही. मात्र ५५० पैकी तिघं सांगणाऱ्यांनाही आतून उमगलंच होतं. फ्रॉइडने तर १९३७ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, विश्लेषकाने दर पाच वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषणासाठी बसावं असं सुचवलं, आणि त्याची लाज बाळगू नये असंही. एवढी चैन इथे कोणाला परवडणार नाही. पण सोलापूर, लातूर, कलबुर्गी अशा वेगवेगळ्या शहरांतल्या एकेका थेरपिस्टने महिन्यातून एकदा ऑनलाइन बसून एकेक सत्र ऐकायला वेळ आणि ती संमती सोडून काही लागत नाही. सुरुवात मात्र सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या सत्रापासून करावी, नाहीतर गुण देताना धाकट्यांचा हात आखडणार.