ई-मेल सायबर कॅफेवाल्याचा

न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं उसाचं गाव. घोडगंगा कारखाना इथलाच. एकीकडे घोड नदी, दुसरीकडे भीमा, आणि भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका. निर्वी, आंधळगाव, उरळगाव, इनामगाव या गावांतली मुलं एसटीनं किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून कॉलेज गाठतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथून साठ-सत्तर किलोमीटरवर असलं, तरी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येतो तो परीक्षेचा अर्ज भरताना आणि निकाल लागल्यावर.

9 मार्च 2020 ला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले आणि पंधरवड्यात सगळं बंद झालं. मी तेव्हा या भागातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होते, तासिका तत्त्वावर. ऑनलाइन शिकण्या-शिकवण्यासाठी मदत मिळाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ती इतकी आली की परिपत्रकं वाचता वाचता दुपार व्हायची. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम 2017 पासून होतेच. ‘स्वयंप्रभा’च्या बत्तीस वाहिन्या डीटीएचवर फुकट होत्या. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय होतं. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय होतं, आवारात ‘विद्यावाणी’ हे रेडिओ केंद्रही होतं, पण त्या रेडिओचा आवाज आमच्या शिवारापर्यंत कुठला पोचायला!

दूरचित्रवाणीचा मार्ग सगळ्यात सोपा वाटला होता. टीव्ही घरोघरी आहे, डेटा लागत नाही. पण त्याच आठवड्यांत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं, आणि एकाच खोलीत आजी, काका, लहान भावंडं बसलेली असताना रिमोट मागून खर्चलेखाशास्त्राचं इंग्रजी व्याख्यान लावण्याची हिंमत एकाही विद्यार्थ्यानं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खरी गंमत झाली ती ‘एन-लिस्ट’ची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही योजना. तेव्हा महाविद्यालयानं वर्षाला 5,900 रुपये भरले की हजारो नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं घरबसल्या वाचता यायची. एरवी गावाकडच्या ग्रंथालयाला हे स्वप्नातही परवडलं नसतं. आमच्या ग्रंथपालांनी मुलांची यादी चढवली. लॉगिन प्रत्येकाच्या ई-मेलवर गेलं, आणि तिथेच अडलं. प्रवेशाच्या वेळी बहुतेकांचा ई-मेल काढून दिला होता तो अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेवाल्यानं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, काहींच्या बाबतीत तर मोबाइल नंबरही त्याचाच. दुकान बंद, मालक आपल्या गावी गेलेला. शेकडो मुलांच्या ज्ञानाच्या किल्ल्या त्याच्या एका वहीत होत्या.

ग्रंथपालांनी मग एकेका मुलाला फोन लावला. नवा ई-मेल काढायचा कसा, आलेला कोड वाचायचा कुठे, हे फोनवर सांगायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मुलगा शेतात दारं धरायला गेलेला असायचा, फोन वडिलांकडे, आणि वडील म्हणायचे, “सर, फी भरायची राहिली का?” पंपाची वीज रात्रीची असली की मुलं दिवसा झोपलेली. तरी सरांनी नेट सोडला नाही. त्या काळात आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं साधन कोणतं, असं मला विचारलं तर मी त्यांच्या फोनचं नाव घेईन.

शिकवण्याचं म्हणाल तर गुगल मीटवर पहिल्या दिवशी दिसले ते मोजके चेहरे. दीड जीबी डेटा घरातल्या सगळ्यांत वाटलेला आणि रेंज गच्चीवर. सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावच्या एका मुलीनं डोंगरावर झोपडी बांधून पशुवैद्यकीचा अभ्यास केल्याची बातमी राज्यभर गाजली. आमच्याकडे डोंगर नाही. मुलं पाण्याच्या टाकीवर चढायची. मराठीच्या मॅडमनी धडे आपल्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकले आणि ते चालले. अकाउंट्सचं तसं नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज डोळ्यांनी बघावी लागते. मी रेघा मारलेल्या कागदावर एकेक नोंद करून फोटो टाकायचे. मुलं सोडवून फोटो पाठवायची, आणि त्यातला अर्धा कागद अंगठ्याखाली झाकलेला असायचा.

याच दिवसांत प्राध्यापकांसाठी वेबिनारांचा सुकाळ झाला. ऑनलाइन कसं शिकवावं यावर इतकी व्याख्यानं झाली की शिकवायला वेळ उरेना. पाच प्रश्नांची चाचणी दिली की रंगीत प्रमाणपत्र हजर! कोरोना जनजागृतीची प्रमाणपत्रं तर काहींनी गठ्ठ्यानं जमवली. तासिकेवाल्यांना मात्र प्रमाणपत्रावर किराणा मिळत नव्हता. 2018 च्या शासन निर्णयानं पदवीच्या तासाला 500 रुपये ठरवले होते. तास झाला तर पैसे. ऑनलाइन घेतलेला तास ‘झाला’ असं धरायचं का, याचं उत्तर आम्हाला बराच काळ कुणी दिलं नाही. माझ्या ओळखीचे एक नेट-सेट झालेले प्राध्यापक सकाळी भाजीचा टेम्पो चालवायचे आणि अकराला व्हिडिओ बंद ठेवून लेक्चर घ्यायचे. प्राध्यापकांना आधार म्हणून जे जे आलं, ते कायम नोकरी आणि पगार आहे असं गृहीत धरूनच आलं.

परीक्षेचा घोळ सगळ्यांना आठवत असेल. राज्य सरकार अंतिम वर्षाची परीक्षा नको म्हणत होतं, विद्यापीठ अनुदान आयोग हवीच म्हणत होता. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेशिवाय पदवी नाही असा निकाल दिला, आणि पुणे विद्यापीठाची परीक्षा 12 ऑक्टोबरला सुरू झाली. बहुपर्यायी प्रश्न, पन्नास गुण, एक तास. ऑनलाइन किंवा ऑफलाइन, विद्यार्थ्यानं निवडायचं. मला ही पद्धत पटली नव्हती. वर्षभराचा हिशेब चार पर्यायांत कसला तपासणार?

पण या परीक्षेची एक बाजू मला आधी सुचलीच नव्हती. टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा होती. हजार पानं उठवायचा खर्च वाचतोय म्हटल्यावर वर्गातल्या मुलींची लग्नं पटापट लागली. कुणी श्रीगोंद्याकडे गेली, कुणी भीमेपलीकडे केडगाव-चौफुल्याच्या बाजूला. एरवी तृतीय वर्षात लग्न झालं की ती मुलगी परीक्षेला येत नाही, हा अनुभव. ‘सासरचे पाठवत नाहीत’ एवढं कारण पुरतं. या वेळी पाठवायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याच्या फोनवर तासभर बसायचं होतं. एकीच्या सासूबाईंनी तर नेटवर्क मिळावं म्हणून गोठ्याजवळ खुर्ची टाकून दिली आणि कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. सगळ्याच जणींना हे जमलं असं नाही; दोघींचे नंबर मला शेवटपर्यंत बंदच लागले.

मनाच्या आधाराचीही सोय होती. 21 जुलै 2020 ला केंद्रानं ‘मनोदर्पण’ सुरू केलं, त्याची हेल्पलाइन होती. मी नंबर गटावर टाकला. फोन केल्याचं कुणी मला सांगितलं नाही आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. दोन खोल्यांच्या घरात, वडिलांच्या फोनवरून, अनोळखी माणसाला ‘मला झोप लागत नाही’ हे कोण सांगेल? रांजणगाव एमआयडीसीतलं कंत्राटी काम गेलेल्या बापासमोर तर नाहीच. त्याऐवजी रात्री उशिरा ताळेबंदाची शंका यायची. उत्तर दिलं की तिकडून दुसरी शंका, मग तिसरी, आणि मग “मॅडम, कॉलेज खरंच सुरू होणार ना?”

दुसऱ्या लाटेनंतर, जून 2021 अखेर, सरकारनं शुल्कसवलती जाहीर केल्या आणि कोरोनात आईवडील गमावलेल्यांना शुल्कमाफी दिली. 20 ऑक्टोबर 2021 पासून राज्यातली महाविद्यालयं पुन्हा भरू लागली. तोवर आमच्या ग्रंथपालांनी आपला नियम करून टाकला होता: प्रवेशाच्या दिवशी मुलानं ग्रंथालयात येऊन स्वतःच्या फोनवर स्वतःचा ई-मेल उघडून दाखवायचा, मगच ओळखपत्रावर सही. कॅफेवाला त्यावरून थोडा नाराज होता. ग्रंथपालांनी त्यालाच बोलावून घेतलं आणि जुन्या मुलांचे पासवर्ड त्याच्या वहीतून उतरवून घेतले.