पनवेलची वाट आणि पायडलचे वर्तुळ

पनवेल हे जुने चाकांचे गाव. पुण्यापर्यंतचे शेतकरी व गाडीवान बैलगाडीचे साहित्य येथून नेत, अशी ब्रिटिशकालीन नोंद आहे. १८५२ मध्ये नगरपालिका लाभलेल्या या गावाची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. बैलगाड्या सरल्या, सायकल मात्र अजूनही ज्येष्ठांची सोबत करते.

वडाळे तलाव व बल्लाळेश्वराच्या देवळाचा परिसर सपाट आहे. पहाटे तेथे सायकल सुखाने चालते. महामार्गाने कर्नाळा खिंडीकडे वळले, की चढ लागतो आणि गुडघे बोलू लागतात. मग घरची मंडळी म्हणतात, ‘आता सायकल पुरे.’ तसा निर्णय घेण्यापूर्वी क्रँककडे, म्हणजे पायडलला मधल्या आसाशी जोडणाऱ्या दांडीकडे, एकदा पाहावे.

क्रँकची लांबी बहुधा १६५ ते १७५ मिलिमीटर असते व पुष्कळदा दांडीच्या आतल्या बाजूस कोरलेली आढळते. पायडल सर्वांत वर आले असता गुडघा व खुबा अधिकाधिक दुमडतात. संधिवात असलेल्या किंवा बदललेल्या सांध्याला नेमके तेथेच दुखते. १७० ऐवजी १५० मिलिमीटरची क्रँक बसविल्यास पायडल वरच्या टोकाला २० मिलिमीटर खाली राहते. खालच्या टोकाला ते तितकेच वर येते, म्हणून आसनही २० मिलिमीटर उंच करता येते. अशा रीतीने दुमडणाऱ्या पायाला ४० मिलिमीटरची मोकळीक मिळते.

या सोयीची किंमतही आहे. दांडी आखूड झाली, की तरफेचा जोर घटतो. म्हणून हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत. गिअर नसलेल्या सायकलीवरून चढावर उतरून चालणेच बरे. आसन उंचावल्याने जमिनीवर पाय टेकणे अवघड होते आणि ज्येष्ठांना खरी भीती पडण्याचीच असते. यासाठी आडवी नळी नसलेली सायकल निवडावी.

प्रथम केवळ आसनाची उंची तपासावी; ते फार खाली असल्यानेही गुडघा दुखतो. त्यानंतर सांधा किती दुमडतो, हे फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावे आणि मगच दोन्ही क्रँक जोडीने बदलाव्यात. शस्त्रक्रिया झालेली असल्यास डॉक्टरांच्या संमतीशिवाय सायकलवर बसू नये.

आरंभी दहा मिनिटे पुरेत. दुसऱ्या दिवशी सूज दिसली, तर शुश्रूषा करणाऱ्यांनी विश्रांतीचा आग्रह धरावा. तलावाजवळची फेरी आठवडाभर वेदनेविना झाली, तरच पल्ला वाढवावा. महामार्गावरील अवजड वाहनांची वाट तूर्त दूरच ठेवावी.